कुऱ्हाडीपलीकडचा कायदा

भारतातील वृक्षसंरक्षणाचे कायदे प्रामुख्याने दोन गोष्टी ओळखतात : उभे झाड आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन. झाड तोडायचे असेल तर अधिकाऱ्याची परवानगी लागते, जमिनीचा वनेतर वापर करायचा असेल तर शासनाची मंजुरी लागते, आणि यांपैकी कशाचाही भंग झाला तर दंडाची तरतूद आहे. परंतु एखाद्या जातीची झाडे एका ठिकाणी शतकानुशतके टिकतात ती सुटीसुटी टिकत नाहीत. परस्परांचे पराग, ते वाहून नेणारे कीटक, बी दूर नेऊन टाकणारे पक्षी आणि बी रुजेल अशी ओल यांच्या आधाराने ती टिकतात. एकाच ठिकाणी राहणाऱ्या, आपसांत प्रजनन करणाऱ्या आणि स्वतःची पुढची पिढी स्वतः घडवणाऱ्या एकाच जातीच्या अशा समूहाला जीवशास्त्रात समष्टी म्हणतात. दुर्मिळ देशी वृक्षांच्या बाबतीत संरक्षणाचे कायदेशीर एकक ही समष्टीच असली पाहिजे, आणि ‘हानी’ या संकल्पनेची व्याप्ती तोडीपुरती मर्यादित न ठेवता समष्टीची पुनरुत्पत्ती ज्या कृतीमुळे थांबते अशा प्रत्येक कृतीपर्यंत वाढवली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील भालांडेश्वराची देवराई हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. या देवराईत वहाळाच्या काठच्या दलदलीत मिरिस्टिका मॅग्निफिका या वृक्षाची समष्टी आहे. हा वृक्ष जायफळाच्या कुळातला, सदाहरित आणि पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात आहे. त्याची ज्ञात वसतिस्थाने पूर्वी मुख्यतः केरळ आणि कर्नाटकात होती. बांबर्डे येथील नोंद २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा या प्रकारच्या जंगलाची ज्ञात उत्तर सीमा महाराष्ट्रात सरकली. २०२१ मध्ये राज्य शासनाने जैविक विविधता कायद्याखाली येथील २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. इतक्या लहान क्षेत्राला इतक्या लवकर कायदेशीर ओळख मिळाली ही प्रशंसनीय गोष्ट आहे. मात्र त्या ओळखीने नेमके कशाचे रक्षण होते हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट अधिक नेमकेपणाने विचारता येतो.

मिरिस्टिकाची दलदल म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. डोंगरउतारांच्या मधल्या अरुंद, सपाट तळाशी, जिथे संथ वाहणारा झरा बारमाही ओल राखतो आणि माती वर्षातील बराच काळ पाण्याने भरलेली असते, तिथे हे जंगल वाढते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून या झाडांची मुळे जमिनीबाहेर येऊन, गुडघा दुमडावा तसा बाक घेऊन, पुन्हा जमिनीत शिरतात आणि त्या बाकातून श्वसन करतात. काही झाडांना खोडाच्या खालच्या भागातून आधारमुळेही फुटतात. १९६० मध्ये कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोर भागातून या जंगलांचे वर्णन केले आणि १९६८ मध्ये चँपियन व सेठ यांनी भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात त्यांना गोड्या पाण्याच्या दलदली वनांतील स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान दिले. केरळात आज अशा दलदलींचे एकूण क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर आहे, आणि तेही अनेक तुकड्यांत विखुरलेले आहे. या ऱ्हासाचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या तळाशी बारमाही पाणी असते, तीच जागा भाताच्या खाचरांना आणि सुपारीच्या बागांना सर्वांत सोयीची असते. त्यामुळे शेती आणि दलदल यांची मागणी प्रारंभापासून एकाच जमिनीवर आणि एकाच पाण्यावर होती.

या वृक्षाची प्रजननपद्धती कायद्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मिरिस्टिकाची झाडे विभक्तलिंगी असतात, म्हणजे नर फुले एका झाडावर आणि मादी फुले दुसऱ्या झाडावर येतात. त्यामुळे झाडांची एकूण संख्या आणि प्रजननाच्या दृष्टीने परिणामकारक संख्या यांत मोठी तफावत पडू शकते. समष्टी-आनुवंशिकीतील प्रचलित सूत्रानुसार नर आणि मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले असता परिणामकारक संख्या मिळते. उदाहरणादाखल, शंभर प्रौढ झाडांपैकी पन्नास नर आणि पन्नास मादी असतील तर ही संख्या शंभरच येते. परंतु दहाच नर आणि नव्वद मादी असतील तर ती छत्तीसवर उतरते. म्हणजे झाडे मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरात दोन्ही ठिकाणी ‘शंभर झाडे’ अशीच नोंद होईल, आणि प्रत्यक्षात एका समष्टीची आनुवंशिक विविधता टिकवण्याची क्षमता दुसरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेल. नराला फळे येत नसल्याने त्याचा उपयोग कमी असा समज करून घेणे सोपे असते, आणि परवानगीच्या अर्जावर ‘फळ न देणारी पाच झाडे’ असे लिहिलेले वाचून अधिकाऱ्यालाही त्यात गैर काही दिसणार नाही. पण त्या पाच झाडांमुळे समष्टीचे गणित बदलू शकते.

बियांची कथाही अशीच आहे. मिरिस्टिकाचे बी मोठे, लाल-नारिंगी पत्रीने वेढलेले आणि ओलसर असते. ते वाळवून साठवता येत नाही, कारण ओल गेली की त्याची उगवण्याची क्षमता थोड्याच दिवसांत संपते. म्हणून गहू किंवा भाताप्रमाणे त्याची बियाणे-पेढी करून ठेवण्याचा सोपा मार्ग येथे उपलब्ध नाही. या वृक्षाची पेढी म्हणजे ती दलदलच. एवढे मोठे बी गिळून दूर टाकणारे पक्षीही मोजकेच असतात, आणि त्यांत धनेशांचे स्थान प्रमुख आहे. धनेश स्वतः जुन्या, ढोली असलेल्या उंच झाडांत घरटे करतो आणि फळांच्या शोधात मोठ्या परिसरात फिरतो. त्यामुळे २.५९ हेक्टरमधील मिरिस्टिकाचे भवितव्य त्या २.५९ हेक्टरांच्या बाहेर, इतर कोणत्या तरी झाडाच्या ढोलीवर आणि इतर कोणाच्या तरी रानातील फळांवर अवलंबून असते.

आता प्रचलित कायद्यांकडे वळावे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा वनक्षेत्राबाहेरील झाडांना लागू होणारा राज्याचा मुख्य कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन अशा सोळा प्रकारच्या झाडांचा समावेश आहे. यादी पाहताच तिचा हेतू लक्षात येतो : इमारती लाकूड, फळ, औषध किंवा सुगंध यांमुळे ज्या झाडांना बाजारात किंमत आहे, त्यांची बेबंद तोड रोखणे. दुर्मिळता हा या यादीचा निकष नव्हता, म्हणून पश्चिम घाटातील अतिदुर्मिळ झाडांना तिच्यात जागा मिळाली नाही. नागरी क्षेत्रासाठीच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी तिच्यातही मूल्य एकेका झाडाच्या वयाला आहे. समष्टीच्या दृष्टीने पाहता दोन वर्षांचे रोप हे पन्नास वर्षांच्या झाडाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक महत्त्वाचे असते. पण गवताबरोबर कापल्या गेलेल्या रोपांची दखल कोणताही वृक्ष अधिकारी घेत नाही.

या कायद्यांत ‘तोड’ या संज्ञेचा अर्थ केवळ कापण्यापुरता संकुचित नाही. जाळणे, साल सोलणे किंवा अन्य रीतीने झाडाला इजा करणे याही कृती तिच्यात येऊ शकतात. तरीही ती इजा झाडावर प्रत्यक्ष केलेल्या कृतीची असावी लागते. दलदलीच्या वरच्या अंगाला वहाळावर बंधारा घालून किंवा पाट काढून पाणी बागेकडे वळवले, अथवा उन्हाळ्यात जवळच खोल विंधनविहीर चालवली, तर एकाही झाडाला हात न लावता दलदल कोरडी पडू शकते. प्रौढ झाडे त्यानंतरही काही दशके हिरवी राहतील, त्यांना फुलेही येतील. मात्र कोरड्या जमिनीत नवीन रोप उभे राहणार नाही, आणि जुनी झाडे एकेक करून वठत गेली की समष्टी संपेल. हा मृत्यू कोणत्याही पंचनाम्यात नोंदवला जाणार नाही, कारण पंचनाम्याला तुटलेले खोड लागते.

जमिनीवर आधारलेल्या कायद्यांची व्याप्ती मोठी आहे, पण त्यांच्या चौकटीतही हीच उणीव वेगळ्या रूपाने आढळते. १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी असे ठरवले, की मालकी कोणाचीही असो, जे प्रत्यक्षात वन आहे त्याला कायदा लागू होतो. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आकुंचित होईल अशी शंका निर्माण झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने तोच अर्थ चालू ठेवला. त्याच खटल्याच्या ओघात १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरणांच्या, म्हणजे तेथील देवरायांच्या, सर्वेक्षणाचे व संरक्षणाचे आदेश देताना न्यायालयाने देशभरातील देवरायांसाठी सर्वंकष धोरण आखण्याची शिफारस केंद्राला केली. दोडामार्गच्या परिसरात २०२० मध्ये २९.५३ चौरस किलोमीटरचे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले, परंतु वन्यजीव कायद्यानुसार संवर्धन राखीव हे शासकीय मालकीच्या जमिनीपुरते असते, आणि सिंधुदुर्गात खासगी व देवस्थानच्या जमिनींचे प्रमाण लक्षणीय आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून वृक्षतोडीला मनाई केली आहे आणि २०२४ मध्ये तेथील पंचवीस गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत केंद्राला कालमर्यादेत निर्णय घेण्यास सांगितले. रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगर मोकळे होत असताना या आदेशांचे मोल मोठे आहे; तरी त्यातील मुख्य निषेध हा तोडीचाच आहे.

पाणथळ जागांचे नियम या ठिकाणी उपयोगी पडतील अशी अपेक्षा स्वाभाविक ठरेल. मात्र २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र आणि भातखाचरे वगळली आहेत, आणि जे क्षेत्र आधीच वन किंवा वन्यजीव कायद्याखाली येते त्याला हे नियम लागू होत नाहीत. वहाळाच्या काठी, जंगलाच्या आत आणि भातखाचरांच्या शेजारी असलेली मिरिस्टिकाची दलदल या तिन्ही अपवादांच्या सीमेवर उभी आहे. एकेका कायद्याने आपापले क्षेत्र आखून घेताना शेजारच्या कायद्यावर भरवसा ठेवला, आणि त्या भरवशाच्या सांध्यातून पाणी निसटले.

जातीवर आधारलेले संरक्षण हा तिसरा मार्ग. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींसाठीचे प्रकरण १९९१ मध्ये समाविष्ट झाले तेव्हा त्यातील अनुसूचीत केवळ सहा वनस्पती होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने वनस्पतींची यादी तिसऱ्या अनुसूचीत आणून वाढवण्यात आली आणि नीलकुरिंजीसारख्या वनस्पतीला तीत स्थान मिळाले. जैविक विविधता कायद्याचे कलम ३८ नामशेष होण्याच्या मार्गावरील जाती अधिसूचित करून त्यांच्या संकलनावर निर्बंध घालण्याची मुभा देते. या दोन्ही तरतुदींचा रोख वनस्पती उपटून, तोडून किंवा विकून नेण्यावर आहे. ज्या झाडाला कोणी चोरून नेत नाही, ज्याचा धोका त्याच्या पायाखालचे पाणी आटण्यात आहे, त्याला अशा यादीचा उपयोग मर्यादितच होतो. शिवाय जातीची यादी एक अप्रत्यक्ष गैरसमज रुजवते : जात केरळात सुरक्षित असेल तर महाराष्ट्रातील तिचे नष्ट होणे ही किरकोळ बाब ठरते.

परदेशी कायद्यांशी तुलना केली असता हा प्रश्न केवळ भारतीय नाही हे ध्यानात येते. अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त जाती कायदा जगातील कठोर कायद्यांपैकी एक मानला जातो. त्यात जातीखालील स्थानिक समष्टीला स्वतंत्र संरक्षण देण्याची सोय आहे, पण ती पृष्ठवंशीय प्राण्यांपुरतीच. वनस्पतींच्या बाबतीत संपूर्ण जात, उपजात किंवा प्रकार यांचीच नोंद होऊ शकते. खासगी जमिनीवरील संकटग्रस्त वनस्पती तोडण्यास त्या कायद्याखाली सामान्यतः प्रतिबंधही नाही, जोवर राज्याच्या एखाद्या कायद्याचा भंग होत नाही. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९९५ च्या कायद्यात ‘संकटग्रस्त समष्टी’ हा स्वतंत्र वर्गच निर्माण केला आणि २०१६ च्या नव्या कायद्यातही अशा नोंदी चालू राहिल्या. रिव्हर रेड गम या नावाने ओळखला जाणारा निलगिरीचा वृक्ष त्या खंडात नद्यांच्या काठी विपुल आहे. तरीही हंटर नदीच्या खोऱ्यातील त्याची समष्टी या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदवली गेली, कारण त्या राज्यात समुद्राकडे वाहणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांपैकी तेवढ्याच एका ठिकाणी हा वृक्ष नैसर्गिकरीत्या वाढतो. जात सुरक्षित असतानाही स्थानिक समष्टीला कायद्याने जपता येते, आणि तसे करणे प्रशासनाच्या आवाक्यात असते, याचा हा पुरेसा पुरावा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. शासनाचा पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असताना जातीच्या मुख्य क्षेत्राऐवजी तिच्या टोकावरील एका लहानशा तुकड्यावर ते का खर्च करावे? सीमेवरच्या समष्ट्या बहुधा लहान, आनुवंशिकदृष्ट्या गरीब आणि अल्पायुषी असतात, असे या आक्षेपाचे सार आहे. त्यात तथ्य आहे. सीमेवरची प्रत्येक समष्टी वाचवता येणार नाही. तथापि उत्तर टोकाच्या समष्टीचे एक वेगळेपण विसरून चालणार नाही. पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे यावे तसा कोरड्या महिन्यांचा काळ लांबत जातो, आणि बांबर्डेसारख्या ठिकाणी हे झाड केरळातील आपल्या भाऊबंदांपेक्षा दीर्घ उन्हाळा सोसून पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे. त्या टिकण्यामागे केवळ झऱ्याची कृपा आहे की कोरड काढण्याची काही आनुवंशिक क्षमताही आहे, हे अभ्यासानेच ठरेल. मात्र समष्टी नष्ट झाली तर तो अभ्यास करण्याची शक्यताच उरणार नाही. पावसाचे वेळापत्रक बदलत असताना जातीच्या एकूण भवितव्यासाठी अशा समष्टीचे मूल्य तिच्या आकारावरून ठरवणे चुकीचे ठरेल.

दुसरा आक्षेप लोकांच्या बाजूने येतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. भालांडेश्वराची देवराई टिकली ती कोणत्या कायद्यामुळे नव्हे, तर गावाच्या श्रद्धेमुळे आणि संकेतांमुळे. मग शासनाने तेथे शिरून गावाचा अधिकार का कमी करावा? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून देवराई ही सामूहिक संयमाची एक संस्था आहे हे प्रथमच शास्त्रीय पातळीवर मांडले गेले. त्या संस्थेचा आदर न करता केलेले संरक्षण टिकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु श्रद्धेचा संकेत झाडाला आणि देवाच्या हद्दीला लागू असतो. हद्दीबाहेर वरच्या अंगाला खणलेल्या विहिरीला तो लागू नसतो. शिवाय श्रद्धा स्वतःही बदलते : छोट्या घुमटीच्या जागी काँक्रीटचे मंदिर, त्याला जाणारा रस्ता आणि सभामंडप हे आज भक्तीचेच आविष्कार मानले जातात, आणि त्यासाठी देवराईतली झाडे व ओल दोन्ही खर्ची पडतात. देवाची जमीन कोणाची, गावाची, महसूल खात्याची, वनखात्याची की देवस्थान समितीची, याबद्दलची संदिग्धता अशा वेळी कोणालाच उत्तरदायी राहू देत नाही. म्हणून श्रद्धा आणि कायदा यांना परस्परांचे पर्याय न समजता, श्रद्धेचा हात पोहोचत नाही तिथे कायद्याने उभे राहावे, अशी कामाची वाटणी करणे योग्य ठरते.

जैवविविधता वारसास्थळाची तरतूद या वाटणीला सर्वांत अनुकूल आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून असे स्थळ अधिसूचित करते. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यामुळे लोकांच्या चालू वहिवाटींवर, त्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेल्या निर्बंधांखेरीज, बंधने येत नाहीत. आणि अधिसूचनेमुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांना भरपाई देण्याची योजना राज्याने आखावी असे त्याच कलमाचे तिसरे उपकलम सांगते. अभयारण्याच्या तुलनेत ही रचना लोकाभिमुख आहे. तिची मर्यादाही याच रचनेत आहे : स्थळाच्या आत आणि भोवती नेमके कोणते कृत्य हानिकारक समजावे हे कायदा स्वतः सांगत नाही, ते राज्याने करावयाच्या नियमांवर आणि स्थानिक व्यवस्थापन आराखड्यावर सोपवले आहे. नियमांत ही व्याख्या नसेल तर वारसास्थळ हा सन्मान उरतो, संरक्षण ठरत नाही.

अंतरावरून होणारी हानी कायद्यात कशी मांडावी, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच विधिसंग्रहात आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणाऱ्या १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. त्या तरतुदीमागचे गृहीत असे होते, की एका माणसाने आपल्याच शेतात, आपल्याच खर्चाने केलेल्या कृतीने गावाच्या विहिरीचे पाणी तुटू शकते, आणि म्हणून त्या कृतीचे नियमन करणे न्याय्य आहे. हेच गृहीत दलदलीला लावण्यात तत्त्वतः कोणतीही नवी उडी नाही. अंतराचा आकडा मात्र जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण झऱ्याचे पाणलोट क्षेत्र वर्तुळाकार नसते. ते डोंगराच्या उतारानुसार आखावे लागते, आणि हा नकाशा अधिसूचनेचाच भाग असावा लागतो.

निर्बंध पाणलोटावर घालायचे म्हणजे ते काही मोजक्या शेतकऱ्यांवर पडणार, आणि भरपाईविना घातलेला निर्बंध उलट परिणाम घडवू शकतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात रेड-कॉकेडेड जातीच्या सुतार पक्ष्यामुळे आपल्या रानावर बंधने येतील या भीतीने जमीनमालकांनी पाइनची झाडे पक्व होण्याआधीच तोडल्याचे ल्यूक आणि मायकेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले. कोकणातही नवीन संवेदनशील क्षेत्राची वार्ता पसरली की काजूच्या बागायतदाराला पहिली भीती आपल्या जमिनीच्या किमतीची आणि खात्याच्या फेऱ्यांची वाटते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. ज्याच्या कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, उन्हाळ्यात वहाळातून कमी पाणी उचलावे लागेल, त्याला ठिबक सिंचनाचा खर्च, साठवण टाकी किंवा ठरावीक वार्षिक मोबदला देणे हा दयेचा भाग नसून कलम ३७ मध्येच अभिप्रेत असलेला व्यवहार आहे. लहान समष्ट्यांच्या बाबतीत बाधित खातेदारांची संख्या मुळातच कमी असल्याने हा खर्चही राज्याला पेलणारा आहे.

नुकसान झालेच तर दुसरीकडे झाडे लावून ते भरून काढता येते, ही भरपाई वनीकरणाची कल्पना २०१६ च्या कायद्याने संस्थात्मक रूपात पक्की केली आहे. सामान्य मिश्र वनाबाबत ती कितपत योग्य आहे हा वेगळा वाद आहे. परंतु स्थानिक समष्टीच्या बाबतीत ती मुळातच लागू पडत नाही. रोपवाटिकेत वाढवलेली हजार रोपे दुसऱ्या डोंगरावर लावली तरी त्या डोंगराच्या तळाशी झरा नसेल तर ती रोपे समष्टी होत नाहीत. आणि दुसऱ्या राज्यातून आणलेल्या बियांची रोपे त्याच दलदलीत लावली तर स्थानिक वाणाचे वेगळेपण पातळ होण्याचा धोका असतो. पूरक लागवड करायचीच असेल तर ती त्याच दलदलीतील अनेक मादी झाडांचे बी ताजे असतानाच रुजवून, त्याच पाण्याच्या काठी व्हावी, आणि तिच्यामुळे मूळ दलदलीची हानी माफ व्हावी असा अर्थ कदापि लावला जाऊ नये.

या विवेचनातून काही निश्चित सूचना निघतात. राज्य शासनाने कलम ३७ खालील नियमांत ‘संरक्षित समष्टी’ हा वर्ग समाविष्ट करून त्यात जातीचे नाव, ठिकाण आणि तिला पाणी पुरवणाऱ्या पाणलोटाचा नकाशा यांची नोंद करावी. हानीच्या व्याख्येत तोडीबरोबर प्रवाह वळवणे, दलदलीचा निचरा करणे, भराव टाकणे, रोपे नष्ट करणे आणि ढोली असलेली बीजप्रसारक पक्ष्यांची झाडे पाडणे यांचा समावेश करावा. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत दर पाच वर्षांनी नर व मादी झाडांची, फळधारणेची आणि वेगवेगळ्या उंचीच्या रोपांची स्वतंत्र मोजणी नोंदवावी. ही मोजणी शिकवण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. मात्र ती एकाच गावापुरती राहू नये, कारण मिरिस्टिकाच्या दलदली दोडामार्गपाशी थांबत नाहीत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राय ही त्याच प्रकारच्या जंगलाची दक्षिणेकडील शेजारीण आहे, आणि धनेशाला राज्याची सीमा नसते. गोव्यात वृक्षतोडीचे नियमन १९८४ च्या स्वतंत्र कायद्याने होते, महाराष्ट्रात १९६४ च्या. दोन्ही राज्यांच्या जैवविविधता मंडळांनी या दोन दलदलींसाठी एकच मोजणीपद्धती स्वीकारली, तरी कायदे न बदलता बरेच काही साधेल.

अशा संरक्षणाचे यश तोडीचे गुन्हे किती नोंदवले गेले यावरून मोजता येणार नाही, कारण दलदल कोरडी पडत असतानाही तो आकडा शून्यच राहू शकतो. यशाचा निकष एकच असू शकतो : दहा वर्षांनी त्या २.५९ हेक्टरमध्ये, कोणी न लावलेली, स्वतःहून रुजलेली आणि कमरेच्या उंचीपर्यंत वाढलेली मिरिस्टिकाची रोपे आजच्यापेक्षा अधिक आहेत की कमी. हा आकडा कायद्याने विचारायला सुरुवात केली, तर पाट, विंधनविहीर, सभामंडप आणि ढोली या सर्व बाबी आपोआप त्याच्या कक्षेत येतील. आणि तो विचारला गेला नाही, तर वारसास्थळाचा फलक उभा असतानाच त्यामागची समष्टी कायद्याच्या एकाही कलमाचा भंग न होता संपू शकेल.